लांबलेल्या उन्हाळ्यात गळ केव्हा आणि कुठे टाकावा?

प्रश्न : मी गेली काही वर्षे एका मध्यम आकाराच्या तलावावर हौसेने गळ टाकतो आणि पकडलेले बहुतेक मासे परत सोडून देतो. यंदा कित्येक आठवडे कडक ऊन आहे आणि पावसाचा शिंतोडाही नाही. सुरुवातीचे काही दिवस मासे नेहमीसारखे लागले, पण आता आमिषाला कुणी तोंडही लावत नाही. उन्हात मासे खोल जातात असे सगळे सांगतात, म्हणून तलावातल्या सर्वांत खोल जागी आमिष सोडून पाहिले, तरी उपयोग झाला नाही. नोकरीमुळे एरवी मला दुपारनंतर किंवा संध्याकाळीच वेळ मिळतो. त्यातच आदल्या संध्याकाळी सोडलेला एक मोठा मासा दुसऱ्या दिवशी सकाळी काठाशी मरून पडलेला दिसला. शेपटीवरच्या जुन्या जखमेमुळे मी तो ओळखला. तेव्हापासून मन खट्टू आहे. गळ कुठे, केव्हा आणि कसा टाकावा? मुळात या दिवसांत टाकावा का? माझी दहा वर्षांची मुलगीही सुट्टीत बरोबर यायचे म्हणते, तिला न्यावे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

मुळात गळ टाकावा का, हा तुमचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याचे सरळ उत्तर असे की काही दिवशी टाकावा, काही दिवशी टाकू नये, आणि हे दिवस ओळखायचे तर माशाच्या भुकेच्या आधी त्याच्या श्वासाचा विचार करावा लागतो. उन्हाळ्यात मासा गारव्याच्या शोधात असतो असे आपण धरून चालतो, पण ऊन लांबले की त्याची खरी ओढाताण प्राणवायूसाठी चालते. सुरुवातीला मासे लागणे, खोल जागी काहीच न मिळणे आणि सोडलेला मासा मरणे हे तुमचे तिन्ही अनुभव मला या एकाच गोष्टीशी जोडलेले दिसतात.

पाणी हवेच्या मानाने फार सावकाश तापते आणि सावकाशच निवते. कडक उन्हाच्या पहिल्या काही दिवसांत दिवसभर मिळालेली उष्णता रात्री बाष्पीभवनाने आणि उघड्या आभाळाखाली बरीचशी निघून जाते, त्यामुळे पाण्याखाली फारसे काही बदलत नाही आणि मासे नेहमीसारखे खातात. पण रात्रीही उबदार, दमट आणि वारा पडलेल्या जाऊ लागल्या की उष्णतेची शिल्लक रोज थोडी थोडी साठत जाते. एखादा भाजून काढणारा दिवस मासे सहज निभावून नेतात. त्यांना जड जातात त्या सलग उबदार रात्री. हवामानाच्या बातम्यांत सगळ्यांचे लक्ष कमाल तापमानाकडे असते, पण गळ टाकणाऱ्याने किमान तापमान पाहण्याची सवय लावून घ्यावी.

पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीजवळच्या गोड्या पाण्यात १० अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना साधारण ७.५ मिलिग्रॅम. ही झाली हवेतून मिळणाऱ्या प्राणवायूची मर्यादा, आणि कुजणारा पाला किंवा गाळ असलेल्या संथ पाण्यात प्रत्यक्षातले प्रमाण याहून बरेच खाली असू शकते. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर चढते आणि दर १० अंशांच्या वाढीला त्याची प्राणवायूची गरज ढोबळमानाने दुप्पट होते. पगार कापला जावा आणि त्याच महिन्यात घरखर्च वाढावा, तशी ही अवस्था असते. खाल्लेले पचवायलाही प्राणवायू खर्च होतो, त्यामुळे श्वासाचीच ओढाताण असलेला मासा समोरचे आमिष नाकारतो. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू असला तर बहुतेक मासे ठीक राहतात. तो दोन-तीनच्या खाली गेला की बहुतेकांचा जीव घाबरा होतो.

अर्थात सगळ्या माशांना एकच माप लावता येत नाही. ट्राउटसारखा गार पाण्यातला मासा २० अंशांच्या पुढेच कासावीस होऊ लागतो, आणि पाणी त्याहून तापले असेल तर त्याच्या वाटेला जाऊच नये. कार्प कुळातले मासे बरेच अधिक सोसतात, तिलापिया तर ३० अंशांच्या आसपासच्या पाण्यात आरामात राहतो. मरळ आणि मागूर हे पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतात, म्हणून पाण्यातला प्राणवायू घटला तरी ते तग धरतात. तुमच्या तलावात कोणते मासे आहेत ते तुम्ही लिहिलेले नाही, तेव्हा पुढचे सगळे वाचताना हा फरक मनात असू द्यावा.

आता त्या खोल जागेविषयी. उन्हाळ्यात वरचे तापलेले पाणी हलके होऊन वर तरंगते आणि खालचे गार, जड पाणी तळाशी बसून राहते. या दोहोंच्या मधे एक पातळ पट्टा असतो, ज्यात एक-दोन मीटरच्या अंतरातच तापमान झपाट्याने उतरते. ऊन लांबले आणि वारा पडला की हे थर पक्के होतात, आणि मग वरच्या पाण्याला हवेतून मिळणारा प्राणवायू तळापर्यंत पोहोचतच नाही. तळाशी मात्र कुजण्याची क्रिया चालूच असते, आणि ती तिथला उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकते. याची परीक्षा तुम्हाला सहज करता येईल. गळाच्या दोरीला बांधलेले, तळाला टेकलेले शिशाचे वजन हळूच वर ओढा आणि त्याला चिकटलेला गाळ पाहा. तो काळाकुट्ट असेल आणि त्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तिथले पाणी गार असले तरी माशाला राहण्याजोगे नाही. तुम्ही आमिष अगदी आज्ञाधारकपणे खोल सोडलेत, पण बहुधा ते रिकाम्या खोलीत पडून राहिले.

अशा वेळी मासे त्या मधल्या पट्ट्याच्या जरा वर, वरच्या पाण्याच्या मानाने थोडे गार आणि तळाच्या मानाने पुरेसा प्राणवायू असलेल्या पातळीवर अधांतरी उभे राहतात. ती पातळी शोधायला महागडे यंत्र लागत नाही. एका बाटलीच्या तळाशी वजन बांधा, तोंडाला सैलसर बूच बसवा आणि बुचाला वेगळी दोरी लावा. बाटलीच्या दोरीला मीटरमीटरवर गाठी मारून ती हव्या त्या खोलीपर्यंत सोडा, बुचाची दोरी हिसकून बूच काढा, बाटली भरू द्या आणि वर घेताच आत थर्मामीटर बुडवा. एकेका मीटरने हे करत गेलात की एका ठिकाणी पारा एकदम घसरलेला दिसेल. तिथून जरा वर आमिष राहील अशा बेताने फ्लोट, म्हणजे दोरीवरचा तरंगता बोंडा, बांधावा. तलाव जेमतेम दोन-तीन मीटर खोल असेल तर मात्र हे थर टिकत नाहीत, दिवसा पडतात आणि रात्री किंवा जरा वारा सुटला की मोडतात. तिथे खोलीपेक्षा जागेला महत्त्व येते.

जागा निवडताना पाणी कुठे हलते आहे ते आधी पाहावे. ओढा येऊन मिळतो ते तोंड, बांधावरून पाणी खाली पडते ती जागा, तळातून झरा लागतो तो कोपरा, नदीत खळाळ संपून डोह सुरू होतो तो काठ, या सगळ्या जागी पाण्यात हवा मिसळत राहते आणि बऱ्याचदा तापमानही एक-दोन अंशांनी उतरलेले असते. वारा असेल तर ज्या काठावर लाटा येऊन आपटतात तो काठ धरावा, कारण तिथे पाणी ढवळले जाते आणि वाऱ्याने वाहून आलेले किडेही तिथेच जमतात. एक अडचण लक्षात ठेवावी : सलग दिवस एकाच दिशेने गरम वारा वाहत असेल, तर तोच वारा सर्वांत तापलेले वरचे पाणीही त्या काठाकडे लोटतो. अशा वेळी दोन्ही काठांचे तापमान मोजून मगच बसावे. झाडाच्या सावलीविषयी मी थोडा सावध आहे. सावलीत मासे थांबतात हे खरे, पण ते मुख्यतः तीव्र प्रकाश टाळण्यासाठी आणि आडोशासाठी; भोवतीचे पाणी तापलेले असेल तर एका झाडाखालचे पाणी फारसे गार राहत नाही.

वेळेचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे, आणि मला वाटते तुमच्या मेलेल्या माशाचे उत्तर इथेच आहे. पाणवनस्पती आणि शेवाळ दिवसा उजेडात प्राणवायू तयार करतात, म्हणून त्यांनी भरलेल्या तलावात दुपार कलताना प्राणवायू सर्वांत जास्त असतो. अंधार पडला की ही निर्मिती थांबते, पण वनस्पती, शेवाळ, जिवाणू आणि मासे या सगळ्यांचा श्वास चालूच असतो. त्यामुळे प्राणवायू रात्रभर उतरत जातो आणि सूर्य उगवण्याच्या सुमारास सर्वांत खाली येतो. पाणी मात्र नेमके त्याच वेळी दिवसातले सर्वांत गार असते. ‘उन्हाळ्यात पहाटे गळ टाका’ हा सर्वमान्य सल्ला म्हणूनच अर्धाच लागू पडतो. मोठ्या, मोकळ्या, वाऱ्याने हलणाऱ्या किंवा वाहत्या पाण्यात पहाट उत्तम. हिरवट, शेवाळलेल्या, संथ तलावात मात्र अगदी पहाटे मासे मरगळलेले असतात, आणि सूर्य वर येऊन तास-दोन तास झाल्यावर, पाणी अजून निवलेले आणि प्राणवायू चढू लागलेला असताना खाऊ लागतात.

संध्याकाळी तुमच्या तलावात याच्या उलट घडत असावे. दिवसाचा साठलेला प्राणवायू असल्याने संध्याकाळी एखादा मासा आमिष घेतो. गळाला लागल्यावर तो तापलेल्या पाण्यात जिवाच्या आकांताने ओढतो, त्याच्या स्नायूंत आम्ल साठते, आणि ते निचरायला त्याला पुढचे कित्येक तास भरपूर प्राणवायू हवा असतो. नेमक्या त्याच तासांत पाण्यातला प्राणवायू उतरत जातो. तुम्ही सोडलात तेव्हा तो पोहत गेला असेल, तुम्हाला तो वाचला असेच वाटले असेल. थकलेला मासा पुष्कळदा लगेच मरत नाही, काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी मरतो, आणि आपण तोवर घरी गेलेलो असतो. तुम्हाला तो दिसला म्हणून कळले, एवढाच फरक. तुम्ही निष्काळजीपणा केलात असे मी मुळीच म्हणणार नाही, पण शेवाळलेल्या पाण्यात, वारा नसलेल्या संध्याकाळी, सोडून देण्यासाठी मासा पकडणे हे लांबलेल्या उन्हाळ्यातले सर्वांत घातक काम आहे, असे मात्र स्पष्ट सांगेन. नोकरीच्या दिवशी दुपारी तर जाऊच नये. संध्याकाळी जायचे असेल तर चांगला वारा असलेली संध्याकाळ किंवा वाहते पाणी निवडावे, आणि तलावावरचा गळ सुट्टीच्या सकाळसाठी राखून ठेवावा.

आमिषाबाबत फार सांगण्यासारखे नाही. लहान आमिष वापरावे, सावकाश हलवावे, आणि मासे जमवण्यासाठी पाण्यात फेकायचे खाद्य मुठीने टाकण्याऐवजी चिमटीने टाकावे, कारण न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते आणि आधीच कमी असलेला प्राणवायू आणखी घटवते. गांडुळे ओल्या मातीत, ओल्या कापडाखाली आणि सावलीत ठेवावीत. उन्हात ठेवलेल्या डब्यात ती बघता बघता मरून लिबलिबीत होतात.

तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, मात्र नेहमीपेक्षा एक पायरी जाड घ्यावा. बारीक तंगुसावर मोठा मासा दमवून काढण्यात कौशल्य आहे हे मला मान्य आहे, पण या दिवसांत ते कौशल्य माशाच्या जिवावर बेतते. मासा लवकरात लवकर जवळ आणावा. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करून ठेवला तर गळ क्षणात निघतो. मासा पाण्याबाहेर काढूच नये : मऊ जाळीची हातजाळी पाण्यातच धरावी, हात आधी भिजवावेत म्हणजे अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघत नाही, आणि पाण्यातच पकडीने गळ सोडवावा. फोटोचा मोह टाळावा. टाळता आलाच नाही तर दहा सेकंदांच्या वर मासा हवेत ठेवू नये. मग त्याला पोटाखालून अलगद आधार देऊन सरळ उभा धरावा, आणि वाहते पाणी असेल तर तोंड प्रवाहाकडे करावे. काही जण पुढे-मागे हलवून कल्ल्यांत पाणी भरू पाहतात, पण मागे ओढल्याने कल्ल्यांना उलटे पाणी लागते, त्यापेक्षा स्थिर धरणे बरे. कल्ल्यांची झाकणे एका लयीत उघडमीट करू लागतील, शेपूट तळव्याला रेटा देईल, आणि तो स्वतःहून सुटू पाहील तेव्हाच हात सैल करावा. पकडलेले मासे दिवसभर जाळीत कोंडून काठाशी ठेवणे या हवेत पूर्णपणे बंद करावे, कारण काठाचे उथळ पाणीच सर्वांत तापलेले असते.

गळ टाकू नये असे दिवस ओळखणे यानंतर सोपे जाते. सकाळी अनेक जातींचे मासे एकत्र पृष्ठभागाशी येऊन, तोंडे वर काढून, मिटक्या मारल्यासारखे पाणी ओढताना दिसले, तर ते खायला आलेले नाहीत, गुदमरत आहेत. खाणारा मासा झेप घेतो, पाण्यावर वलय उठवतो आणि खाली जातो. गुदमरणारा मासा तिथेच रेंगाळतो आणि तुमची सावली पडली तरी हलत नाही. एखादा हवा घेऊन खाली जाणारा मरळ याला अपवाद समजावा. मेलेले मासे काठाला लागलेले असणे, हिरवे पाणी एकाएकी तपकिरी होणे, किंवा सोडलेला मासा कुशीवर कलंडणे, यांतले काहीही दिसले तर त्या दिवशी गळ गुंडाळावा. पाणी आटून मासे एका डोहात दाटीने अडकलेले असतील तर ते सहज लागतील, पण तिथेही हात आवरावा, कारण पावसानंतर तो सगळा पाणवठा पुन्हा नांदता होणार तो त्या डोहातल्या माशांवरच. कडक उन्हात काही ठिकाणी मासेमारीवर तात्पुरती बंदीही घातली जाते, तेव्हा निघण्यापूर्वी तुमच्या पाण्याविषयीचा नियम पाहून घ्यावा.

ऊन मोडताना एक धोका असतो तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लांबलेल्या उन्हाळ्यानंतरचे पहिले जोरदार वादळ पक्के झालेले थर एकदम ढवळते, तळाचे प्राणवायू नसलेले पाणी वर येते आणि काठावरची घाणही वाहून तलावात शिरते. गारवा आला म्हणून त्याच संध्याकाळी आनंदाने गळ घेऊन धावू नये. तीन-चार दिवस जाऊ द्यावेत आणि मासे नीट वागताना दिसले की मग बसावे.

मुलीला अवश्य न्यावे, पण सकाळीच, आणि ऊन चढायच्या आत परत यावे. लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते, आणि खेळाच्या नादात मुले तहान लागल्याचे सांगत नाहीत, म्हणून तिला दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडे पाणी पाजत राहावे. रुंद काठाची टोपी, सैल सुती कपडे आणि पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा दोघांनाही असावा. चष्म्याने डोळे वाचतात आणि पाण्याखालचे मासेही तिला पाहता येतील. डोके दुखणे, मळमळ, चक्कर किंवा पायात गोळे येणे ही पहिली सूचना समजून लगेच सावलीत न्यावे, ओल्या कापडाने अंग पुसावे आणि पाणी द्यावे. बोलणे असंबद्ध झाले, अंग तापून फणफणले किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात आहे. तोंडातून काही न पाजता अंगावर पाणी ओतत, वारा घालत ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवावी.

पाण्यावर हिरव्या रंगाचा थर सांडल्यासारखी दाट साय दिसली तर ती विषारी नील-हरित शेवाळाची असू शकते, आणि लांबलेल्या उन्हात तिची वाढ जोरात होते. तिथे मुलीला पाण्यात हात घालू देऊ नये, बरोबर कुत्रा असेल तर त्याला ते पाणी चाटू देऊ नये, आणि तिथला मासा घरी नेऊ नये. आणि आभाळ भरून आले, दूरवर पहिला गडगडाट ऐकू आला, की वीज वाहून नेणारी कार्बनची गळकाठी खाली ठेवून, सामान आवरण्यात वेळ न घालवता तिला घेऊन गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जावे, झाडाखाली थांबू नये, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास उलटेपर्यंत काठावर परत येऊ नये.